मर्सेन मूळसंख्या झुंडीने येतात? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

गणिताची आवड असलेल्यांच्या ग्रुपांवर एक दावा दर काही महिन्यांनी फिरून येतो. कधी इंग्रजीत, कधी मराठीत उतरवलेला, कधी ‘शाळेत हे शिकवत नाहीत, पुढे पाठवा’ अशा शेपटीसकट. त्याचा सारांश असा: मर्सेन मूळसंख्या वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. त्या झुंडीने येतात आणि झुंडीनंतर दुष्काळ पडतो. त्यांचे घातांक आलेखावर मांडले की सरळ रेषा मिळते, म्हणजे पुढची संख्या कुठे आहे ते सांगता येतं. त्यांचे शेवटचे अंक ठरलेले आहेत. एक मर्सेन मूळसंख्या दुसरीला जन्म देते. आणि हे सगळं ज्यांना ठाऊक आहे ते गप्प आहेत, कारण बँकांची कुलपं याच संख्यांवर चालतात.

हा दावा खोडायला जड जातो तो एका कारणाने. त्यातले आकडे बहुतेक बरोबर असतात. चुकतो तो आकड्यांवरून काढलेला अर्थ.

मर्सेन मूळसंख्या म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी मूळसंख्या. २^३ − १ = ७, २^५ − १ = ३१, २^७ − १ = १२७. घातांक स्वतः मूळसंख्या असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही: ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. अशा ५२ संख्या आजवर सापडल्या आहेत. सगळ्यात मोठीचा घातांक १३,६२,७९,८४१ असून ती संख्या लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती जाहीर झाली. १९९६ पासून ‘गिंप्स’ नावाचा प्रकल्प हा शोध चालवतो आणि जगभरचे हौशी लोक आपापल्या यंत्रांवर त्याचं काम करतात.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘२ कोटी ते साडेचार कोटींच्या पट्ट्यात आठ सापडल्या. हा योगायोग कसा?’

आठ हा आकडा खरा आहे. २,०९,९६,०११ पासून ४,३१,१२,६०९ पर्यंत आठ घातांक आहेत. सरासरीने तेवढ्या पट्ट्यात दोन यायला हवे होते.

ही सरासरी कुठून आली? १९८०च्या दशकात वॅगस्टाफ, लेन्स्ट्रा आणि पोमरन्स यांच्या नावाने एक अटकळ रूढ झाली. घातांकाची मर्यादा दुप्पट केली की सरासरी १.७८ नव्या मर्सेन मूळसंख्या पदरात पडाव्यात, असं ती सांगते. हा १.७८ हवेतून आलेला नाही. घातांकाला प म्हटलं, तर २^प − १ या संख्येला वाटेल ती मूळसंख्या भागू शकत नाही. भाजकाला दोन अटी पाळाव्या लागतात: घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. वर २०४७ चे भाजक आले तेच पाहा. २३ = २ × ११ + १ आणि ८९ = ८ × ११ + १. म्हणजे ३, ५, ७, ११, १३ हे नेहमीचे लहान मारेकरी इथे आधीच बाद होतात. चार कोटी अंकांची कुठलीतरी संख्या उचलली तर ती मूळ असण्याची शक्यता साधारण साडेनऊ कोटींत एक. मर्सेन साच्यात, त्याच आकारमानाला, ती २५-२६ लाखांत एकपर्यंत सुधारते. या शक्यतांची बेरीज करत गेलं की दर दुपटीला १.७८ निघतात.

अटकळ म्हणते तसं मोजलं तर १३.६ कोटींपर्यंतच्या घातांकांत सुमारे ४८ मर्सेन मूळसंख्या असाव्यात. सापडल्या ५२. या जातीच्या अंदाजासाठी हे चांगलंच जुळतं.

आता झुंडीकडे. समजा प्रत्येक घातांकाचं नशीब स्वतंत्र आहे, एकाला दुसऱ्याची खबर नाही. तर कुठल्याही एका मर्सेन घातांकापासून सुरुवात करून पुढच्या २.०५ पटीत आणखी सात सापडण्याची शक्यता ०.३ टक्के येते. ‘हजारात तीन!’ म्हणून दावा करणारे इथे टाळी घेतात. पण आपण हा पट्टा आधी ठरवून तपासला होता का? नाही. सगळी यादी चाळली आणि सगळ्यात दाट जागा बोटाने दाखवली. झुंड सुरू होऊ शकेल अशा जागा चाळिसाहून जास्त होत्या. त्या सगळ्या हिशेबात धरल्या की यादीत कुठेतरी एवढी दाटी होण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे साधारण आठात एक. शिवाय ‘दीडपटीत सहा’ किंवा ‘तिपटीत दहा’ असं काही दिसलं असतं तरी हाच संदेश तितक्याच उत्साहाने फिरला असता, हेही त्यात धरायला हवं. मग आश्चर्य जवळपास संपतं.

लोक यदृच्छेकडून समान अंतराची अपेक्षा करतात. अंगणात मूठभर ज्वारी फेकली तर दाणे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पडत नाहीत. कुठे पाच-सहा एकत्र येतात, कुठे हातभर जागा रिकामी राहते. ज्वारी समान अंतरावर पडली असती, तर मात्र कोणीतरी हाताने मांडली असा संशय घ्यायला जागा होती.

यासाठी संख्याशास्त्रात प्वासाँ वितरण आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना ठराविक पट्ट्यात किती वेळा पडाव्यात ते ते सांगतं, आणि ते तपासता येतं. लागोपाठच्या दोन घातांकांचं गुणोत्तर १.०५ पेक्षा कमी असावं, म्हणजे अगदी जुळी भावंडं असावीत, असं ५१ अंतरांत किती वेळा व्हायला हवं? हिशेब सांगतो, सहा वेळा. प्रत्यक्षात? २२०३–२२८१, ४२५३–४४२३, ९६८९–९९४१, २९,७६,२२१–३०,२१,३७७, ४,२६,४३,८०१–४,३१,१२,६०९ आणि ७,४२,०७,२८१–७,७२,३२,९१७. मोजून सहा. इतकं नेमकं जुळणं हाही थोडा नशिबाचाच भाग, त्यावर मी फार नाचणार नाही. पण ‘झुंडी’ची उदाहरणं म्हणून ज्या जोड्या दाखवल्या जातात, त्या यदृच्छेने जेवढ्या यायला हव्यात तेवढ्याच आल्या आहेत.

इथे धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी आठवतात. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण गोव्यात जन्मलेला हा माणूस मूळचा गणिती, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितच करत होता. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. विषय होता मूळसंख्यांचं नमुना-वितरण. मूळसंख्या पुढे पुढे विरळ होत जातात, म्हणून मोजपट्टीच अशी ताणायची की सरासरी घनता सगळीकडे सारखी होईल, आणि मग ठराविक लांबीच्या तुकड्यांत किती पडतात ते मोजायचं. कोसंबींचा मुद्दा होता की ही मोजणी प्वासाँसारखी वागते. ते सर्व मूळसंख्यांबद्दल बोलत होते, मर्सेनबद्दल नव्हे, आणि त्यावरून रीमानच्या गृहीतकापर्यंत, म्हणजे मूळसंख्यांच्या विखुरण्याबद्दलच्या गाजलेल्या न सुटलेल्या प्रश्नापर्यंत, पोचल्याचा त्यांचा दावा गणित्यांनी मानला नाही. तरी ‘मोजपट्टी आधी नीट ताणा, मग झुंडी मोजा’ ही शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते. ग्रुपवरच्या आलेखांत नेमकी तीच नसते.

‘झुंडीनंतर दुष्काळ पडतो, हा निसर्गाचा नियम आहे.’

दुष्काळ पडले आहेत. १२७ नंतर थेट ५२१. २,१६,०९१ नंतर थेट ७,५६,८३९. पहिल्यात घातांक चौपटीहून जास्त उडाला, दुसऱ्यात साडेतीन पट. साडेतीन पट किंवा त्याहून मोठी उडी ५१ अंतरांत सुमारे दोनदा यावी असा प्वासाँचा हिशेब आहे, आणि ती दोनदाच आली आहे. पण ‘झुंडीनंतर’ हे कुठून आलं? २,१६,०९१ च्या आधी काही विशेष झुंड नव्हती. उलट आठांच्या त्या सुप्रसिद्ध झुंडीनंतर पुढचा घातांक ५,७८,८५,१६१, म्हणजे फक्त १.३४ पट. सरासरी उडी १.४८ पट असते. आठांच्या मेजवानीनंतर उपास तर पडलाच नाही, पुढचं ताट वेळेआधी आलं.

सगळ्यात अलीकडचा ‘दुष्काळ’ म्हणून ८,२५,८९,९३३ ते १३,६२,७९,८४१ दाखवतात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. काळ पाहिला तर डिसेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२४, जवळजवळ सहा वर्षं. पण संख्यांच्या मोजपट्टीवर ही उडी १.६५ पटीची आहे, आणि एवढी किंवा याहून मोठी उडी चारातून एकदा अपेक्षितच असते. शोधाला किती वर्षं लागली हे यंत्रं किती, वीज किती आणि माणसं किती यावर ठरतं. २००८ मध्ये ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून दोन आठवड्यांत दोन सापडल्या होत्या, आणि त्यातही मोठी आधी, लहान नंतर. दोघींच्या मधली तिसरी तर २००९ मध्ये उगवली. १,१०,५०३ हा घातांक १९८८ साली सापडला. त्याच्यापुढचे १,३२,०४९ आणि २,१६,०९१ तोवर माहीत होऊन गेले होते. १९८५ सालच्या यादीवर कोणी झुंडी आणि दुष्काळ रंगवले असते तर एक ‘दुष्काळ’ तीन वर्षांत ओला झाला असता. आजच्या यादीच्या वरच्या टोकालाही हेच लागू आहे: तिथल्या सगळ्या घातांकांची दुहेरी तपासणी व्हायची आहे, मधे एखादी राहून गेलेली असू शकते.

‘आलेखावर सरळ रेषा येते, म्हणून पुढची कुठे ते कळतं.’

रेषा येते. घातांकांचे लॉगरिदम घेऊन क्रमांकासमोर मांडले तर ठिपके साधारण सरळ रेषेभोवती बसतात आणि चढ अटकळीशी जुळतो. पण रेषा सरासरी सांगते, पत्ता नाही. मुंबईत जूनमध्ये सरासरी किती पाऊस पडतो यावरून येत्या मंगळवारी दुपारी छत्री लागेल का ते कळत नाही.

प्रत्यक्ष हिशेब करा. शेवटच्या ज्ञात घातांकापासून पुढची ‘सरासरी’ जागा १.४८ पटीवर, म्हणजे २० कोटींच्या आसपास. पण नव्वद टक्के खात्रीने सांगायचं तर पट्टा होतो १३.९ कोटी ते ४३.७ कोटी. त्या पट्ट्यात सुमारे दीड कोटी मूळ घातांक आहेत आणि प्रत्येकाची चाचणी म्हणजे कोट्यवधी अंकांच्या संख्येचा कोट्यवधी वेळा वर्ग करणं. ‘या दीड कोटींपैकी एखादा’ असं सांगणाऱ्याला भाकीत केल्याचं श्रेय द्यायला मी तयार नाही.

‘सगळ्या १ किंवा ७ मध्ये संपतात, आणि शेवटच्या सात सलग १ मध्ये!’

माझ्या मते साऱ्या दाव्यातला हा सगळ्यात रसाळ भाग आहे, कारण यात एक खरा धागा लपलेला आहे. तो दावा करणाऱ्यांना दिसत नाही आणि जे दिसतं ते फोल आहे.

फोल भाग आधी. २ चे घात २, ४, ८, ६ अशा अंकांत फिरत राहतात. विषम घातांकाला शेवटी २ किंवा ८ येणार, त्यातून १ गेला की १ किंवा ७. यात मूळ असण्याचा काही संबंध नाही. २०४७ सुद्धा ७ मध्येच संपते आणि ती मूळ नाही. जो नियम पास आणि नापास दोघांना सारखाच लागू होतो तो पास कोण ते कसं सांगणार?

आता धागा. घातांकाला ४ ने भागून १ उरला तर संख्या १ मध्ये संपते, ३ उरले तर ७ मध्ये. ज्ञात ५२ पैकी पहिली, म्हणजे ३, बाजूला ठेवली तर ३२ संख्या १ मध्ये संपतात आणि १९ संख्या ७ मध्ये. हा कल अपेक्षित दिशेचा आहे. घातांक प चा शेष ३ असेल तर २प + १ हा भाजक होण्याच्या रांगेत उभा असतो. तो मूळ असला की हमखास भागतो: ११ ला २३, २३ ला ४७, ८३ ला १६७. शेष १ असेल तर २प + १ ला ८ ने भागल्यावर बाकी ३ उरते, ४प + १ ला ५ उरते, दोघेही नियमात बसत नाहीत, आणि पहिला उमेदवार थेट ६प + १ असतो. म्हणजे शेष १ वाल्यांना एक धोका कमी. वॅगस्टाफच्या सूत्रात हा फरक मांडलेलाच आहे. पण तो बारीक आहे: दहा कोटींच्या आसपास ५१ विरुद्ध ४९ टक्के, लहान घातांकांना थोडा जास्त. त्या मानाने ३२ विरुद्ध १९ हा झुकाव जरा ठसठशीत असला तरी नेहमीच्या चढउतारात बसणारा आहे.

शेवटच्या सात सलग १ मध्ये संपतात, हे खरंच. एवढंच नव्हे, दावेदारांनी न पाहिलेलं आणखी एक मीच दाखवतो: ९६८९ पासून ४४,४९७ पर्यंतही सलग सात तशाच आहेत. साधं नाणं ५१ वेळा उडवलं तर सलग सात छापे किंवा सलग सात काटे कुठेतरी पडण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास असते. अशा दोन रांगा एकाच यादीत येणं तेवढं सोपं नाही, पण पंधरा-वीस याद्यांत एखादीत दिसेल. यावरून पुढची ७ मध्ये ‘यायलाच हवी’ किंवा १ मध्ये ‘येणारच’ असं कोणी म्हणालं, तर तो मटक्याचा हिशेब झाला.

याच जागी काही जण २०१६ सालचं संशोधन पुराव्यादाखल जोडतात. स्टॅनफर्डचे लेम्की ऑलिव्हर आणि कन्नन सौंदरराजन यांनी दाखवलं की लागोपाठच्या मूळसंख्या शेवटचा अंक पुन्हा वापरायचं टाळतात. पहिल्या दहा कोटी मूळसंख्यांत १ वर संपणारीनंतर पुन्हा १ वर संपणारी येण्याचं प्रमाण २५ ऐवजी सुमारे १८ टक्के. सुंदर काम आहे. पण ते सर्व मूळसंख्यांबद्दल आहे. ‘लागोपाठ’ म्हणजे तिथे शेजारच्या संख्या, दोन मर्सेनच्या मधे अब्जावधी अब्ज इतर मूळसंख्या असतात. आकडे वाढत जातील तसा तो कल हळूहळू ओसरतो. आणि तो लागू करायचाच म्हटला तरी दावा उलटा पडतो: तिथे अंक पुन्हा येणं टळतं, इथे तर सात-सात वेळा सलग येतोय म्हणून आरडाओरडा चालला आहे.

‘मर्सेन मूळसंख्येतून मर्सेन मूळसंख्या जन्मते.’

२ घातांक केला की ३, ३ केला की ७, ७ केला की १२७, १२७ केला की ३९ अंकांची एक संख्या जी मूळ आहे. हे शेवटचं ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं. साखळी मोहक आहे यात वाद नाही. पण ८१९१ ही सुद्धा मर्सेन मूळसंख्या आहे (२^१३ − १), आणि २^८१९१ − १ मूळ नाही. ते १९५३ मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर तपासून झालं. घातांक १७, १९ आणि ३१ वरून चढवलेल्या इमल्यांचेही भाजक सापडले आहेत. साखळीची पुढची कडी इतकी प्रचंड आहे की ती लिहून काढायचा विचारसुद्धा करू नये. चार कड्यांवरून अनंताची हमी देणं ज्याला पटतं त्याने, या संख्यांना ज्याचं नाव मिळालं त्या फ्रेंच धर्मगुरू मर्सेनचीच यादी पाहावी. १६४४ साली त्याने २५७ पर्यंतचे घातांक दिले. त्यात ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी २^६७ − १ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार मांडला तेव्हा त्या ६७ चे भाजक पहिल्यांदा हाती आले.

‘नमुना नाही’ हे सिद्ध झालंय असं मात्र मी म्हणत नाही, कारण ते झालेलं नाही. मर्सेन मूळसंख्या अनंत आहेत की नाहीत एवढंसुद्धा सिद्ध नाही. वॅगस्टाफची अटकळ ही अटकळच आहे. १९६४ मध्ये गिलीज यांनी वेगळ्या स्थिरांकाची अटकळ मांडली होती, आज आकडे वॅगस्टाफच्या बाजूने झुकतात. पण दाटी आणि विरळपणा समजून घ्यायला आज कुठल्याही गुप्त रचनेची गरज पडत नाही. ज्याला रचना दिसते त्याने पुढचा शोध जाहीर होण्याआधी घातांकांचा अरुंद पट्टा लिहून तारखेसह सगळ्यांसमोर ठेवावा. नंतर रंगवलेला आलेख चालणार नाही.

‘हे लपवलं जातंय, कारण बँकांची कुलपं तुटतील.’

ज्या कुलपात मूळसंख्या गुपित ठेवायची असते तिथे अब्जावधी अब्ज पर्यायांतून यदृच्छेने एक उचलावी लागते. १०२४ बिटांच्या मूळसंख्याच सुमारे १० च्या ३०५ व्या घाताएवढ्या आहेत. ज्यांची पूर्ण यादी ५२ ओळींत मावते आणि कोणालाही वाचता येते त्यांचा गुपित म्हणून उपयोग शून्य.

लपवण्याचं म्हणाल तर २०२४ ची संख्या ल्यूक ड्युरंट यांनी भाड्याच्या यंत्रांवर शोधली. डब्लिनमधल्या यंत्राने ११ ऑक्टोबरला ‘बहुधा मूळ’ असा कौल दिला, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या यंत्राने वेगळ्या चाचणीने पुष्टी दिली, मग इतरांनी वेगळ्या प्रोग्रॅमांवर तपासून २१ तारखेला ती जाहीर झाली. ती पुष्टीची चाचणी आठवीतल्या पोरालाही कागदावर करता येते: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि हे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करा. ३१ साठी तीनदा: ४, १४, ८, ०. शून्य आलं, ३१ मूळ आहे. आणि २^५२१ − १ खरोखरच एका प्रमाणित कूटपद्धतीत वापरली जाते. ती तिथे कोणापासून लपवलेली नसते, त्या पद्धतीच्या जाहीर नियमावलीतच छापलेली असते.